नळीवरची पुंगळी

गार्विनने एका दमात पाच गोळ्या झाडल्या आणि पुठ्ठ्याच्या निशाणाकडे बघायच्या आधी आईकडे बघितलं. आई, व्हर्लीन, नेमबाजी क्लबाच्या मैदानावर घडीच्या खुर्चीत दुर्बीण डोळ्यांना लावून बसली होती.

रायफल रिकामी करून तो पुठ्ठा उभा होता त्या तांबड्या मातीच्या बांधापर्यंत गेला. पहिलं भोक पार खाली, पुठ्ठ्यातल्या माणसाच्या मांडीशी. बाकीची वर वर चढत खांद्यावरून बाहेर निघालेली. वसंत ऋतूपासून हेच रडगाणं चाललं होतं. बरं, भराभर झाडताना नळी वर उसळू नये म्हणून हिवाळ्यातच त्याने तिच्या तोंडाला चांगला दणकट ब्रेक बसवून घेतला होता. म्हणजे रायफलीत खोट नव्हती. मग उरला हात.

त्याचे वडील हॉलिस याच वयाचे होते, तेव्हा त्यांच्या हातातला चमचा पहिल्यांदा थरथरला होता. त्यापुढची वर्षं आईने कशी काढली, हे सगळ्या गावाने पाहिलं होतं. आता आपली पाळी, असं गार्विनने मनाशी धरलं होतं. बायकोला सांगितलं नव्हतं, डॉक्टरकडे गेला नव्हता. एरवी माजलेल्या बैलाला शिंगाला धरून वळवणारा हा गडी, पण या एका विचाराने त्याची पार गाळण उडाली होती.

"काय रे, पुठ्ठ्याला कांजिण्या आल्यात?" शेजारच्या टेबलावरून ओरिनने विचारलं. दोघे शाळेपासूनचे दोस्त.

"वारा आहे."

"वारा काय तुझ्या एकट्यासाठी सुटलाय?"

"ओरिन, तू तुझं बघ," व्हर्लीन म्हणाली.

"बघतो, मिस व्हर्लीन." गावात मोठ्या बाईला मानाने असंच म्हणत. ओरिन गुमान आपल्या गोळ्या भरू लागला.

"इकडे ये," ती मुलाला म्हणाली. "मॅगझीन काढ. आत बघ, आणि मलाही दाखव."

त्याने गोळ्यांचं मॅगझीन काढून रायफल आतून दाखवली. तिने वाकून आत बोट घालून खात्री केली. मग झाडलेल्या गोळीची जमिनीवर पडलेली एक रिकामी पुंगळी उचलली, त्याने नेम धरल्यावर ती नळीवर टोकापाशी सपाट जागा बघून उभी ठेवली, आणि वारा अडेल अशी स्वतः बाजूला उभी राहिली.

"ओढ चाप. पुंगळी पडता कामा नये."

"आई, हे नव्या पोरांना शिकवतात."

"मग पोरासारखं ऐक."

त्याने श्वास रोखला. आता पडणार आणि आता सगळ्यांना कळणार, असं त्याला वाटलं. चाप टकदिशी वाजला. पुंगळी जागची हलली नाही.

"परत."

परत तेच. तिसऱ्यांदाही पुंगळी उभीच. व्हर्लीनने ती उचलून मुठीत धरली आणि जरा वेळ पाठ फिरवून उभी राहिली. मग मॅगझीन भरून त्याच्या हातात दिलं.

"आता झाड. नेहमीसारखं, भराभर."

पहिली सुटली, दुसरी सुटली. तिसऱ्या वेळी नुसताच टक आवाज आला आणि नळीने सरळ जमिनीकडे मान टाकली. आईने मध्येच एक खोटी गोळी घातली होती. न उडालेल्या गोळीसाठी त्याने नळी दाबली होती, आणि ते ओरिननेही पाहिलं.

"बिचकतोस," व्हर्लीन म्हणाली. "आवाजाच्या आधीच खाली ढकलतोस, म्हणून पहिली खाली जाते. मग टाचांवर रेलतोस, म्हणून बाकीच्या वर चढतात. आणि त्या ब्रेकचा धमाका एवढा की गुरं बुजतील."

त्या क्लबात पुरुषाला 'बिचकतोस' याहून वाईट काही म्हणता येत नाही. ओरिन बिचारा लाजून दुसरीकडे बघू लागला.

"आणि हात?" गार्विनने विचारलं.

"हाताला काय धाड भरलीय?"

तो टेबलाला टेकला आणि हसायला लागला. हसता हसता डोळे कधी भरले, त्याला कळलं नाही. किती महिन्यांनी त्याला असं मोकळं वाटत होतं.

त्यांनी ब्रेक काढला. आईने मागून पाठीला रेटा देऊन त्याला पुढे झुकवलं, वजन पुढच्या पायावर आणलं, रायफलीचा दस्ता खांद्यात घट्ट बसवला. "आता उसळली तर उसळू दे. तुझ्या अंगाला आपटून आपली आपण खाली येईल." पाचही गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसल्या.

सामान आवरताना त्याने विचारलं, "मी बिचकतो हे तुला कधीपासून ठाऊक होतं?"

"आज कळलं."

"मग ती पुंगळी कशाला ठेवलीस?"

व्हर्लीनने खुर्चीची घडी घातली. तिचा पट्टा काही केल्या तिला लागेना.

"तुझ्या बाबांच्या नळीवर ठेवली, तेव्हा पडली होती," ती म्हणाली.

गार्विनने खुर्ची तिच्या हातातून घेतली, काखेत मारली आणि दुसऱ्या हाताने आईला जवळ घेतलं.

"ओरिन," त्याने मैदानाच्या त्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात हाक मारली, "मी बिचकतो रे."

"अरे, हळू बोल," ओरिन म्हणाला. "लोक ऐकतायत."

"ऐकू देत," व्हर्लीन म्हणाली.