वाया जाणारी ऊब

"हात काढ! पेटीवरचा हात काढ म्हणते ना!"

झाम्फिरा एवढ्या जोरात ओरडली की माझ्या अंगणातली टर्की उकिरडा उकरायची थांबली. मी कुंपणाशी गेले. आमच्या गावात नवराबायकोची भांडणं कुंपणावरून ऐकायची रीतच आहे, आणि मी पडले विधवा बाई, मला तेवढाच विरंगुळा. पण त्या रविवारी मला हसू आलं नाही. झाम्फिरा काळ्या कपड्यातच होती. बहिणीला जाऊन वर्ष झालं त्या प्रार्थनेला ती आदल्या दिवशी सकाळी तुल्चाला गेली होती, रात्री तिकडंच राहिली, आणि बसमधून उतरली ती थेट मागच्या खोपटात शिरली. बुटांचा चिखलही काढला नव्हता. हातात हंसाचं अंडं, आणि ते तिनं मिटलेल्या पापणीला लावलं होतं. आमच्या बायका असंच बघतात. पापणीला ऊब लागली तर आतला जीव ठीक.

"गार पडलंय," ती म्हणाली. "समदी गार पडल्यात. काय केलंस तू, लिक्सांद्रू?"

"काय केलं? दिवे बदलले," तिचा नवरा म्हणाला. "नवीन हायेत. फुकट मिळाले. बघ की आत कसं लखलखतंय!"

लखलखत होतं खरं. मेलेल्या फ्रिजची ती पेटी त्यानंच स्वतःच्या हातानं बनवलेली. आत फळ्या, तळाला पाण्याचं डबडं आणि बाजूला शंभर वॅटचे पिवळे बल्ब. त्याच बल्बांच्या ऊबेवर गेली कित्येक वर्षं झाम्फिरा हंसांची पिल्लं काढत होती. आता त्या होल्डरमध्ये वळणावळणाच्या पांढऱ्या नळ्या बसल्या होत्या, आणि पेटीत दवाखान्यासारखा उजेड पडला होता. मी आत हात घालून बघितला. तळघरात हात घातल्यासारखं वाटलं.

"खोक्यावर लिवलंय," लिक्सांद्रू म्हणाला, आणि खिशातून चुरगळलेलं खोकं काढून माझ्याच तोंडापुढं धरलं. "वाच फ्रूसे, वाच. शंभराच्या बरोबर. हाय का न्हाय लिवलेलं?"

"उजेडाचं लिवलंय रं बाबा, उजेडाचं!"

"मग उजेड कमी हाय का?"

आता अशा माणसापुढं काय डोकं फोडायचं?  झाम्फिरा खाली बसली, अंडी एकेक करून लोकरीच्या शालीत गुंडाळायला लागली, आणि त्या क्षणापासून तिनं नवऱ्याशी बोलणं बंद केलं.

हे हंस साधे नव्हते, ते सांगायला पाहिजे. दान्यूबच्या काठचे कुरळ्या पिसांचे पांढरे हंस, पाठीवरून पिसांच्या रिबिनी जमिनीपर्यंत लोंबणारे. झाम्फिराला ते आईकडून आले, आईला तिच्या आईकडून. लग्नात तिनं घरातून मागितलं ते एवढंच. आजूबाजूच्या गावांत आता कुणाकडं ही जात उरली नाही. आणि त्या हिवाळ्याच्या शेवटी, बर्फ वितळून सगळीकडं काळ्या चिखलाचा राडा झाला होता तेव्हा, कोल्हे नदीकडून वर आले आणि एका रात्रीत सगळा कळप संपवून गेले. नर, माद्या, एकही ठेवला नाही. राहिली ती फक्त आधी गोळा केलेली अंडी. ती तिनं पेटीत घातली होती आणि दिवस भरत आले होते. ती गेली तर कुरळे हंस गेले, कायमचे.

आणि ह्या लिक्सांद्रूनं काय केलं, तर शनिवारी पंचायतीसमोर बल्ब बदलून मिळत होते म्हणून ऊबेचे दिवे नेऊन दिले. जुना द्या, नवा घ्या. वरून हुकूम आला होता म्हणे, ब्रसेल्सवाल्यांना पिवळे बल्ब नको झाले होते. अख्खं गाव पिशव्या भरभरून गेलं. मीसुद्धा गेले. लोकांनी तळघरातले आणले, डुकरांच्या खुराड्यातले आणले, जळून गेलेलेही पुसून आणले. जितके जुने तितके नवे. लिक्सांद्रूनं सगळ्यांत जास्त दिले. त्याचा फोटोही काढला.

"पाणी तापवते," मी म्हणाले. "जित्ती किती ते तरी बघू."

दिवस भरत आलेलं अंडं कोमट पाण्यात सोडलं की आतलं पिल्लू जिवंत असेल तर अंडं डुलतं. आम्ही घमेल्यात पाणी ओतलं, झाम्फिरानं कोपर बुडवून बघितलं आणि अंडी सोडली. पाणी संथ व्हायची वाट बघत आम्ही बसलो. बाहेर वारा पत्रा वाजवत होता. लिक्सांद्रू दारात टोपी हातात घेऊन उभा होता.

आधी अंडी नुसतीच तरंगत राहिली. एक नाही हललं.  मग कडेचं एक अंडं जरासं थरथरलं, थांबलं, परत थरथरलं. झाम्फिरानं माझं मनगट एवढं आवळलं की वळ उठले. थोड्या वेळानं दुसरं डुललं, मग आणखी एक. ज्यांनी हालचाल केली ती तिनं उचलून आपल्या छातीशी, पोलक्याच्या आत ठेवली. बाकीची पाण्यातच राहिली. ती तिनं कितीतरी वेळ बघितली, मग घमेल्यावर फडकं टाकलं.

"फ्रूसे," ती म्हणाली, "त्याला सांग, चुलीत विटा घाल म्हणावं."

तो दोन हात अंतरावर उभा होता. तरी मी सांगितलं. "लिक्सांद्रू, चुलीत विटा घाल."

"ऐकलं म्या," तो म्हणाला आणि गेला.

गरम विटा चिंध्यांत गुंडाळून आम्ही पेटीत ठेवल्या. पण वीट कधी जास्त तापते, कधी निवते, ती काय बल्बासारखी एकसारखी ऊब देणार आहे? माझ्या तळघरात विसरून राहिलेला एक चाळीसचा पिवळा बल्ब होता. तो धावत जाऊन आणला, लावला. घटकाभर बरा चालला आणि पट् करून गेला. तेव्हा मात्र मी शिव्या दिल्या. देव, चर्च, ब्रसेल्स, कुणाला सोडलं नाही.

मग आम्ही दोघी पंचायतीत गेलो. अंडी तशीच झाम्फिराच्या पोलक्यात. सरपंच पांतेलिमोन कालच्या कार्यक्रमाच्या खुर्च्या मोजून घेत होता.

"सरपंच, माझे बलब परत द्या," झाम्फिरा म्हणाली. "नवे तुमचे तुमाला."

"कसे देऊ? फोडले."

"फोडले म्हंजे?"

"वरनं सांगून आलंय. गोळा केले की तिथंच फोडायचे. न्हाय तर लोक परत नेत्यात." त्यानं मागच्या पिंपाकडं बोट दाखवलं. काठापर्यंत काचेचा चुरा भरला होता. त्यात एखादी बल्बाची पितळी टोपी चमकत होती.

दारात चार माणसं जमलीच. आमच्या गावात दोन बायका तरातरा कुठं निघाल्या की मागून चार माणसं येतातच.

"बरं झालं विषय निघाला," म्हातारा त्रिफोन म्हणाला. "माझ्या संडासात लावलाय तुमचा दिवा. बसतो तवा अंधार, उठतो तवा उजेड पडतो!"

"माझी सासू म्हणती, मेल्यावानी दिसतंय समद्यांचं त्वांड," तान्त्साची सून म्हणाली. "आन फुटला तर आत पारा असतोय म्हणं. लेकरं हायेत घरात. कुणी सांगितलं व्हतं का आमाला?"

"काल का न्हाय बोलला?" सरपंच तापला. "काल तर रांगेत मारामाऱ्या करत व्हता! फुकट म्हटल्यावर समद्यांस्नी चांगला वाटला."

खरंच होतं ते.

सरपंच मग जरा नरमला. जिल्ह्याच्या साहेबानं पाठ करून घेतलेलं त्याला सगळं येत होतं. "हे बघ झाम्फिरे, जुना बलब लई वीज खातो. त्यातला उजेड एवढुसा. बाकी समदी वीज नुसती उष्णता व्हऊन वाया जाते. नुसती वाया!"

झाम्फिरानं पोलक्यावर हात ठेवला. "तीच वाया जाणारी मला पायजे व्हती, सरपंच."

तो परत खुर्च्या मोजायला लागला. "तालुक्याच्या दुकानात बघ," शेवटी म्हणाला. पण रविवारी दुकान बंद, बस सोमवारी, आणि दुकानात तरी जुने उरले असतील कशावरून? तोवर पोलक्यातला जीव काय थांबणार होता?  परत येताना चिखलात झाम्फिराचा एक बूट रुतला, तो काढताना ती रडली. मी तोंड फिरवून उभी राहिले. दुसरं काय करणार?

घराशी आलो तर लिक्सांद्रू माझ्या अंगणात. माझी टर्की त्याच्या काखेत आणि हातात लाल वाईनचा चंबू.

"माझी टर्की कुटं न्हेतोस रं?"

"खुडूक बसवतो."

"अजून अंड्यावर आली न्हाय ती. कशी बसंल?"

"माझी आजी पाजून बसवायची," तो म्हणाला. "पाजली की बसती."

हे मी विसरलेच होते. पेट्या आल्या, बल्ब आले, तेव्हापासून कुणी टर्की पाजून बसवली नव्हती. मी झाम्फिराकडं बघितलं. तिनं चंबू हुंगला.

"फ्रूसे, त्याला विचार, कुठल्या पिंपातली काढली?"

"नातवाच्या बारशाला ठेवलेल्या," तो खाली बघून म्हणाला.

"सांग त्याला, आणखी आण म्हणावं."

मी पाय धरले, झाम्फिरानं चोच उघडली आणि लिक्सांद्रूनं चमच्या-चमच्यानं वाईन ओतली. टर्कीनं आधी आम्हा तिघांना रंगवून काढलं, मग दोन पावलं तिरकी टाकली, मान लोंबवली आणि बसकण मारली. तिला गवताच्या टोपलीत बसवून आधी खाली अंड्यांच्या जागी उकडलेले बटाटे ठेवले, अजून कोमट होते. वर दुसरी टोपली पालथी घातली, अंधार केला, वर दगड. शुद्धीवर येऊन तिनं धडपड केली की परत चमचा. ती बटाट्यांवर नीट बसेपर्यंत अंडी झाम्फिराच्या अंगावरच होती. ती आडवी झाली नाही. खुर्चीत ताठ बसून राहिली, हलली नाही, जेवण मी भरवलं. लिक्सांद्रू विटा, लाकडं, वाईन आणत राहिला, आणि काहीही लागलं की निरोप माझ्यामार्फत. एकाच खोलीत दोघं, आणि मधी मी बोलून-बोलून घसा बसवून घेतला.

शेवटी टर्कीनं पंख पसरले, डोळे बारीक केले आणि हात लावला तर चोच मारली. बसली! बटाटे काढून आम्ही अंडी सरकवली. तिनं ती पोटाखाली ओढून घेतली.

पिल्लं निघाली ती मोजकीच. काही अंडी फुटायला लागून थांबली, आणि ती झाम्फिरानं सोलून बघितली. आत चोच वर करून पिल्लं मेलेली. ती तिनं अक्रोडाच्या झाडाखाली पुरली. जी जगली ती टर्कीच्या मागं चिवचिवत फिरायला लागली. उन्हाळ्यात पिसं वळायला लागली तेव्हा कळलं, एक नर आहे, बाकी माद्या. मी झाम्फिराचा मुका घेतला. जात वाचली. पण कळप कुठं आणि ही मूठभर पिल्लं कुठं! आणि ती अजून नवऱ्याशी बोलत नव्हती. त्यानंही चुकलो म्हटलं नव्हतं. विटा वाहील, वाईन ओतील, पण तो एक शब्द त्याच्या तोंडातून निघंल तर शपथ.

मग बक्षीस आलं. आसपासच्या गावांत ह्या वसंतात सगळ्यांत कमी वीज कुणी जाळली, तर आम्ही! जिल्ह्याहून साहेब आला, बँड आला, मका खुरपायच्या ऐन दिवसांत सगळ्यांना पंचायतीपुढं उभं केलं. साहेबानं आमच्या समजूतदारपणाचं कौतुक केलं. आम्ही एकमेकांकडं बघत होतो. वीज कमी का जळली, ते गावातलं पोरसुद्धा सांगेल. एकाही घरात ऊबेची पेटी चालली नव्हती. कोंबड्यांची पिल्लं नाहीत, बदकांची नाहीत, अंगणं रिकामी. अंडीसुद्धा बाजारातून आणत होतो.

"सगळ्यात जास्त दिवे दिले ते आपले लिक्सांद्रू!" सरपंचानं पुकारलं. "या, या वर."

लिक्सांद्रू वर गेला. साहेबानं त्याच्या हातात एक मोठं खोकं दिलं. नव्या दिव्यांनी भरलेलं, दुसरं काय असणार. सरपंचानं माईक पुढं केला, दोन शब्द बोला म्हणून. लिक्सांद्रू आयुष्यात चार माणसांपुढं बोललेला नाही. घसा खाकरला तर भोंगा किंचाळला.

"ही वीज आमी वाचवली म्हणतायसा," तो म्हणाला. "माझ्या घरची कशी वाचली ते सांगतो. पेटी म्या बनवली व्हती, दिवे बी म्याच काढले. बायको घरी न्हवती, तिला इचारलं न्हाय. तिच्या आईच्या हंसांची पिल्लं म्या मारली. चुकलं माझं. एवढंच."

सरपंचानं माईक ओढला आणि बँडला खूण केली. साहेबाला काही समजलं नसावं, त्यानं टाळ्या वाजवल्या. लिक्सांद्रू खोकं घेऊन पायऱ्या उतरला. झाम्फिरा खाली उभी होती. लोक आपसूक बाजूला झाले. तिनं मला पुढं बोलावलं नाही, ह्याला सांग म्हटलं नाही.

"ठेव ते खाली," ती त्यालाच म्हणाली. "चल. पिल्लांचं पाणी भरायचंय, आन नर लंगडतोय सकाळपास्नं. तू बघ जरा."

त्यानं खोकं पायरीवर ठेवलं आणि दोघं बँडसमोरून घराकडं निघून गेली. संध्याकाळी मी मुद्दाम बघायला गेले, तर खोकं पायरीवर नव्हतं. कुणी तरी नेलंच होतं. फुकटचं होतं ना.