जुन्यांना जादा

आमच्या कचेरीत नव्या साहेबांना सगळे पाठीमागे ‘बाण’ म्हणतात. दोन वाक्यं बोलली की हे उठणार आणि पांढऱ्या फळ्यावर एक बाण काढणार. बाण कायम वर जाणारा. पेपरचा खप खाली चाललाय हे दारावरच्या शिपायालासुद्धा माहीत, पण यांच्या फळ्यावर खाली जायला वाटच नाही.

त्या दिवशी त्यांनी आम्हा वर्गणी विभागातल्या सगळ्यांना बैठकीला बोलावलं. मी तिथे फोनवर बसते. पेपर आला नाही, भिजून आला, शेजाऱ्याच्या दारात पडला, पुरवणी गायब आहे, असला प्रत्येक फोन माझ्याच कानात येतो. इतकी वर्षं शिव्या खाल्ल्या, पण बैठकीत आमचं मत कुणी म्हणजे कुणी विचारलं नव्हतं. त्यामुळे खरं सांगायचं तर मी जरा हुरळलेच. साडीबिडी नीट करून पुढच्या खुर्चीत जाऊन बसले.

प्रश्न मोबाइलच्या ॲपचा होता. पेपरची वर्गणी भरणाऱ्यांना आम्ही ते वर्षभर तसंच दिलं होतं, वर काही न घेता. आता त्याचे वेगळे पैसे घ्यायचे की नाही, घ्यायचे तर कुणाकडून, हे ठरवायचं होतं.

“वर्गणीदारांकडून कसले पैसे घेता साहेब?” मी म्हटलं. “ते एकदा भरतात ना? पेपर तोच, बातम्या त्याच. कागदावर वाचल्या काय नि फोनवर वाचल्या काय.”

“बाई, ॲप काही झाडाला लागत नाही,” बाण म्हणाले. “ते बनवणारी माणसं आहेत, त्यांचे पगार आहेत. दर महिन्याला खर्च आहे.”

“छपाईलाही खर्च आहे की. शाईचे वेगळे पैसे मागतो का आपण?”

सगळे हसले. माझ्या शेजारच्या टेबलावरची मिरची तर खिदळलीच. तिचं नाव आम्ही मिरची ठेवलंय ते तिच्या जिभेमुळे. बाणही हसले. मला चेव चढला.

मी काही सगळ्या जगासाठी भांडत नव्हते. माझ्या डोळ्यांसमोर माझे बाबा होते. बाबा घड्याळजी. जन्मभर डोळ्याला भिंग लावून लोकांच्या घड्याळांत नाक खुपसून बसले आणि म्हातारपणी डोळ्यांनीच दगा दिला. नजरेच्या बरोबर मधोमध काळा डाग. डॉक्टर म्हणतात, आता आहे तेवढं सांभाळा. कागदावरचा पेपर त्यांच्या हातात नुसता करड्या फडक्यासारखा. दोन वर्षं पेपर दारात पडायचा, ते तो उचलायचे, घडी उलगडायचे, पुन्हा घालायचे आणि ठेवून द्यायचे. बंद करा म्हटलं तर ऐकायचे नाहीत. मग ॲप आलं. त्यात दोन बोटांनी अक्षर ताणता येतं. एक शब्द अख्ख्या पडद्यावर मावेल एवढा करायचा, आणि कोंबडीसारखी मान वाकडी करून बाजूच्या नजरेने वाचायचा. मग पुढचा शब्द. एक बातमी वाचायला चहापासून आंघोळीपर्यंत वेळ लागायचा. पण वाचायचे हो! जेवताना मला सांगायचे, अमक्या पुलाचं काम परत रखडलं. ते ऐकताना घास गोड लागायचा. भावाने मध्ये त्यांच्या फोनवर एक फुकटचं बातम्यांचं ॲप टाकून दिलं होतं. त्यात अक्षर मोठं करायला गेलं की आधी जाहिरात मोठी व्हायची. बाबांनी दोन दिवसांत ते काढायला लावलं.

म्हणून मी त्या बैठकीत जीव तोडून बोलले.

“साहेब, या जुन्या लोकांना दुखवू नका. हे जाणारे लोक नव्हेत. वर्गणी संपायच्या आधी आठवणीने नवी भरतात. भाव वाढवला तर चार दिवस कुरकुरतात आणि भरतात. संपात आठवडाभर पेपर निघाला नाही, एकाने पैसे परत मागितले नाहीत. उलट मलाच विचारत होते, तुमचे पगार होतायत ना? असली माणसं शोधून सापडणार नाहीत.”

बाण टोपण काढलेलं पेन हातात धरून माझ्याकडे बघत होते. “म्हणजे काही केलं तरी जात नाहीत?”

“नाही जात,” मी छाती पुढे काढून सांगितलं.

ते उठले. फळ्यावर लिहिलं, ‘जुने – जात नाहीत’. आणि बाण काढला.

मला वाटलं, जिंकलं आपण. संध्याकाळी घरी जाताना बाबांसाठी मऊ बिस्किटं घेतली.

आठवड्याने टेबलावर कागद आला. नव्या वाचकांना ॲप वर्षभर फुकट. सवय लागावी म्हणून. जुन्या वर्गणीदारांना मात्र वर्गणीच्या वर जादा आकार. मी तो कागद उलटा करून पाहिला, मागे काही खुलासा आहे का म्हणून. मागे कोरा.

“घे,” मिरची म्हणाली. “चोराला घर दाखवलंस, वर कुलूप कुठलं तेही सांगितलंस.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच उठून बाणांच्या केबिनमध्ये शिरले. दारावर टकटकही केली नाही.

“साहेब, हे उलटं झालंय.”

“बसा ना बाई. उलटं काही नाही. तुमच्याच अनुभवावर उभं केलंय सगळं. मी वरिष्ठांना तुमचं नाव घेऊन सांगितलं.” माणूस खरोखर कौतुकाने बोलत होता, तेच जास्त झोंबलं. “नवा वाचक पैसे मागितले की पळतो. जुना पळत नाही. मग पैसे कोणाकडून येणार, तुम्हीच सांगा.”

“मी हे त्यांना सांभाळा म्हणून सांगितलं होतं.”

“सांभाळतोच आहोत. हे बघा.” त्यांनी दुसरा कागद पुढे केला. फोनवर काय बोलायचं ते त्यावर छापलं होतं. जुना वर्गणीदार ‘बंद करा’ म्हणाला तर आधी समजूत घालायची. दुसऱ्यांदा ‘बंद करा’ म्हणाला तर ॲप फुकट देऊन टाकायचं. आपण होऊन मात्र कुणाला हे सांगायचं नाही.

“म्हणजे जो आदळआपट करेल त्याला फुकट, आणि जो गुमान भरेल त्याला दंड?”

“दंड नका म्हणू, बाई. जादा आकार.”

मी कागद घेऊन जागेवर आले. मूग गिळून बसले. नोकरी आहे, घराचे हप्ते आहेत, आणि या वयात मला दुसरीकडे कोण उभं करणार? फोन उचलत राहिले. लोक विचारत होते, आम्ही काय चुकलो? एक निवृत्त नर्सबाई म्हणाल्या, मी तर आजवर एकदाही उशिरा भरले नाही. मी त्यांना ‘आपल्या सहकार्याबद्दल आभार’ असं म्हणाले. कागदावर तसंच होतं. त्यांनी पैसे भरले.

घरी आले तर बाबा फोन नाकाशी धरून बसलेले.

“अगं, हे आत जाऊ देत नाही. काहीतरी लाल लाल येतंय.”

मी बघितलं. ‘पैसे भरा आणि वाचन सुरू ठेवा.’ त्यांना समजावून सांगितलं. ते ऐकत होते, मान त्यांची ती वाकडी करून.

“पण वर्गणी भरली आहे ना आपण?”

“भरली आहे. हे त्याच्यावर.”

“कशाचे?”

बाबांचा दुकानात एक नेम होता. दुरुस्त करून दिलेलं घड्याळ त्याच दुखण्याने परत आलं, तर पैसे घ्यायचे नाहीत. गिऱ्हाईकाच्या हातून पडलं होतं का, पाण्यात भिजलं होतं का, हेही विचारायचं नाही. मुकाट्याने उघडायचं. आई चिडायची, लोक टोप्या घालतात तुम्हाला म्हणून. बाबा म्हणायचे, एका कामाचे पैसे एकदाच, नाहीतर दुकान कशाला, रस्त्यात अडवून मागितलेले काय वाईट?

“मी भरते बाबा. किती असे मोठे आहेत?”

“मोठे असते तर तुझ्याकडे मागितले असते. लाज कसली त्यात? प्रश्न तो नाही.”

मग मी दार लावून घेतलं आणि युक्ती सांगितली. आमच्या फोनवर दोनदा ‘बंद करा’ म्हणायचं, की फुकट मिळतं. “फोन मीच उचलेन. तुम्ही नुसतं म्हणा. पुढचं मी बघते.”

“म्हणजे मला बंद करायचं नाही, पण करायचं आहे असं सांगायचं?”

“सगळे तसंच करतात हो!”

“कोण सगळे? तू तर म्हणतेस, पुष्कळांनी गुमान भरले.”

तेव्हा माझा बांध फुटला. बैठकीतलं सगळं ओकून टाकलं. तुम्ही जात नाही हे मीच सांगितलं बाबा, तुमच्याच भल्यासाठी सांगितलं, आणि त्यांनी तेच धरून तुम्हाला पकडलं. मी रडत होते आणि त्या बाणाला नाही नाही ते बोलत होते. बाबांनी माझं बोलणं आटपेपर्यंत वाट पाहिली.

“खोटं कुठे बोललीस तू?” ते म्हणाले. “नाहीच जात आम्ही.”

एवढंच. मग जेवले, झोपले. पुढचे काही दिवस फोन टेबलावर पालथा पडलेला असायचा. दारात पेपर यायचा, तो ते उचलून घडीवर घडी ठेवून द्यायचे. जेवताना मी विषय काढायचे, पुलाचं काय झालं असेल हो? त्यांना माहीत नसायचं. मी वाचून दाखवू का म्हटलं, तर म्हणाले, तू दिवसभर बोलून दमतेस. भावाला फोन केला. तो म्हणाला, म्हातारा हट्टी आहे, दोन दिवसांत येईल ताळ्यावर. लांब राहून बोलायला काय जातंय त्याचं!

बाबा ताळ्यावर आले नाहीत. भर दुपारी कचेरीतला फोन वाजला.

“वर्गणी विभाग का? मी आपला वर्गणीदार बोलतोय.”

“बाबा? माझ्या मोबाइलवर का नाही केलात?”

“कामाच्या वेळी नीट बोला, बाई. मला पेपर बंद करायचा आहे. कागदाचाही आणि फोनवरचाही.”

क्षणभर वाटलं, मनावर घेतली वाटतं माझी युक्ती. मी घाईघाईने म्हटलं, “आता अजून एकदा म्हणा.”

“म्हणतो. बंद करा.”

“झालं! आता मला तुम्हाला ॲप फुकट द्यायची परवानगी आहे. आत्ता लगेच चालू करते. संध्याकाळी वाचायला बसा.”

“ज्यांनी भरले, त्यांचे परत देणार का?”

“नाही.”

“मग मी कशाला घेऊ? मी भांडायला फोन केलेला नाही. बंद करायला केलाय.”

“अहो, पण वाचणार काय तुम्ही?” मी ओरडलेच. मिरचीने मान वळवून बघितलं. “दुसरं काही दिसत नाही तुम्हाला! दिवसभर भिंतीकडे बघत बसणार का?”

पलीकडे आवाज खाली आला त्यांचा, घरातला झाला.

“वाईट वाटेल गं. मला काय हौस आहे? पण जात नाही, जात नाही म्हणून किती दिवस उभं राहायचं? साहेबांना सांग, एक गेला म्हणून.”

मी पडद्यावरचं ‘बंद’ बटण दाबलं. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं सुचेना, ‘इतर’ लिहिलं. आणि उठून केबिनमध्ये गेले. निरोप होता, पोचवायला हवा होता. मनात कुठेतरी वेडी आशा होती की ऐकल्यावर या माणसाला काहीतरी वाटेल.

“साहेब, एक जुना वर्गणीदार गेला. फुकट देते म्हटलं तरी थांबला नाही.”

बाणांनी पडद्यावरून नजरही काढली नाही. “हरकत नाही, बाई. शंभरातले आठ जातील असं आपण धरलंच होतं. अजून तीनसुद्धा गेलेले नाहीत. छान चाललंय.”

मी तिथेच उभी राहिले. जाववेना. तेव्हा त्यांनी वर बघितलं. माझा चेहरा बघून पेन खाली ठेवलं.

“का हो? ओळखीचे होते का कुणी?”

“माझे वडील.”

“अरे देवा!” ते खरंच ओशाळले, खुर्चीतून अर्धे उठले. “मग आधी नाही का सांगायचं? आत्ता चालू करून देतो. कायमचं. आपल्या माणसांना कुठे पैसे लावतो आपण?”

“तेही स्वतःला आपलंच समजत होते, साहेब,” मी म्हटलं, “मी इथे नोकरीला लागायच्या कितीतरी आधीपासून.”