ओवेनचा तो बोवेन

माझी थोरली बहीण लोवरी पोटुशी होती, तेव्हा तिचा ओवेन छपराच्या दगडी पाट्या भरलेल्या जहाजावरून हॅम्बुर्गला निघाला. परतला की लग्न, असं ठरलं होतं. जहाज परतलंच नाही. फळकूटसुद्धा सापडलं नाही.

मुलगा झाला. लग्नाआधीचं मूल म्हणून चॅपलने, म्हणजे आमच्या चर्चमंडळीने, लोवरीला सभासदत्वातून वगळलं होतं, तरी म्हातारे पाद्रीबुवा बाप्तिस्म्यासाठी आमच्या स्वयंपाकघरात आले.

"बापाचं नाव मला लिहिता येणार नाही, पोरी," ते म्हणाले. "ओवेनच्या आईनेही बजावलंय, आमचं नाव लावायचं नाही म्हणून."

"नका लिहू. मुलाचं नाव लिहा, बोवेन."

"अगं, हे तर आडनाव!"

"आडनाव व्हायच्या आधी काय होतं?"

पाद्रीबुवांनी लेखणी दौतीत बुडवली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पूर्वी आपल्यात आडनावं नव्हती. 'आब ओवेन' म्हणायचे, म्हणजे ओवेनचा मुलगा. भरभर बोलता बोलता त्याचंच बोवेन झालं." आणि त्यांनी ते लिहिलं.

पोरगं चालायला लागलं तसं बंदराच्या धक्क्याकडे पळू लागलं. लोवरी दारातून हाका मारायची. पहिला 'ब' ती ओठांतच गिळायची. मला ते कळायचं.

ओवेनची आई मार्गेद समोरच राहायची. दोन वर्षं तिने आमच्याकडे पाहिलंही नव्हतं. एके दुपारी लोवरीने हाक मारली आणि मार्गेद पिठाच्या हातांनी धावत बाहेर आली.

"कुठाय? कुठाय माझा ओवेन?"

रस्त्यात फक्त पोरगं उभं होतं.

"मावशी, मी याला हाक मारली," लोवरी कशीबशी म्हणाली. "बोवेनला."

"निर्लज्ज! आमचं नाव लावू नकोस म्हटलं होतं ना?"

"लावलं नाही, मावशी. तो ओवेनचा आहे, एवढंच म्हणते."

म्हातारी आमच्याच उंबऱ्यावर येऊन बसली. पोरगं जवळ येऊन तिच्या बोटांवरचं पीठ चाटू लागलं. तिने हात मागे घेतला नाही.

"पुन्हा मार गं हाक," ती म्हणाली. "मघासारखीच."

लोवरीने मारली. पोरगं "काय?" म्हणालं. पण दोघींचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. दोघी धक्क्यापलीकडच्या पाण्याकडे पाहत होत्या.