तळ्यावरची दुसरी मोजणी

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे आणि आज मी रागावलेली आहे.

दोन नळ्या आणि काही भिंगे जोडून एका कारखान्यात मला घडवले. कृष्णकांत सरांनी वीस वर्षे दर शरदात मला कोकणच्या किनाऱ्यावर नेले. ओहोटीच्या चिखलात चोची खुपसणारे तुतवार पक्षी ते माझ्यातून मोजत. तेव्हा माझ्यातून बघायला लोक रांग लावत. पुढे सर नागपुरात बेसा भागात राहायला आले, त्यांची नजर अधू झाली आणि कपाटात माझ्या भिंगांवर बुरशी चढली.

त्यांची विद्यार्थिनी दीक्षा हिने मला स्वच्छ करून घेतले. किनाऱ्याकडे निघालेले तुतवार जवळच्या तळ्याकाठी चार दिवस थांबतात, हे तिने तीन वर्षे नोंदवले. त्याच चिखलात यंदा मुरूम टाकून फिरायचा रस्ता करायचे ठरले.

ऑक्टोबरात मुरमाचा ट्रक आला. सोबत रस्त्याचे काम बघणारे सुमंत साहेब तळ्याच्या पाहणीचा अहवाल घेऊन आले. त्यात लिहिले होते, ‘स्थलांतरित पक्षी : निरंक.’

“मोजणी कोणत्या तारखेची, साहेब?” दीक्षाने विचारले.

“अठरा मे.”

मे महिन्यात! तेव्हा हे पक्षी हजारो किलोमीटर उत्तरेला घरटी करत असतात!

तळ्यात शिंगाडे काढणाऱ्या इंदूबाई ओल्या लुगड्यानिशी काठावर आल्या. “काहून साहेब, मे महिन्यात शिंगाडे भेटते काय? मंग तळ्यात शिंगाडाच होत नाही, असं लिहून देता काय?”

ट्रकवालाही हसला. साहेब चिडले. “बाई, नियमाप्रमाणे एकदा पाहणी झाली आहे.”

“मग दुसऱ्यांदा करा. आत्ता,” म्हणत दीक्षाने मला त्यांच्या हातात ठेवले.

त्यांनी नाइलाजाने मला डोळ्यांना लावले. आधी नुसता चिखल दिसला. मग चिखलाच्याच रंगाचे काहीतरी हलले.

“अगं, हे तर सगळे चालून राहिले!” साहेब ओरडले.

“मोजा.”

एक्केचाळीस भरले. दीक्षाने पेन पुढे केले. बराच वेळ घुटमळून साहेबांनी ‘निरंक’ खोडले, आकडा लिहिला, तारीख घालून सही केली. ट्रक भरलेलाच परत गेला.

पण तीन वर्षांच्या नोंदी कुणी आधी मागितल्या का नाहीत? इतर तळ्यांचे काय?

मित्रांनो, माझी भिंगे मऊ कापडाने पुसा, मला ओलीपासून जपा. पण भलत्याच महिन्यात बघून ‘इथे कोणी येत नाही’ असे लिहायचे असेल, तर मला हात लावू नका.