आठचं रीडिंग

कालव्यात सोडलेलं पाणी वाटेत कमी होतं. थोडं जमिनीत मुरतं, थोडं ऊन पिऊन टाकतं, थोडं कुणी गुपचूप आपल्या बांदीत, धानाच्या शेतात, वळवून घेतं. किती कमी होतं, एवढंच शोधायला रेणूला सहा महिन्यांच्या करारावर नेमलं होतं. ती भंडाऱ्याची, भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेली. कोंढा गावाच्या बाजूला तीन किलोमीटर लांबीचा एक लहान कालवा आहे, लोक त्याला मायनर म्हणतात. त्याच्या वरच्या तोंडाशी किती पाणी येतं आणि खाली शेवटच्या टोकाला, टेलला, किती पोचतं, हे पाण्यात पंख्याचं मीटर धरून मोजायचं. दोन आकड्यांची वजाबाकी म्हणजे गळती.

मार्चमध्ये तिने चार दिवस मोजलं. वर सेकंदाला नव्वद लिटर, खाली अठ्ठ्याऐंशी. गळती दोन टक्के. कालव्याच्या काँक्रीटला बोट जाईल एवढ्या भेगा होत्या, काठावरची माती चार-चार हात ओली होती. तिला शंका यायला हवी होती. आली नाही, कारण आकडा सुंदर होता. उपअभियंता साहेबांनी पेढे मागवले, रेणूने तक्त्याखाली सही केली, आणि दुरुस्तीच्या यादीतून ती मायनर वगळायचं ठरलं. यादी एप्रिलमधल्या एका शुक्रवारच्या बैठकीत पक्की होणार होती.

त्या आठवड्याच्या सोमवारी सखाबाई तिला शोधत आली. मायनरचं उरलेलं पाणी टेलच्या तलावात पडतं, आणि तो तलाव ढिवरांच्या, म्हणजे सखाबाईसारख्या मासेमारांच्या, संस्थेकडे आहे. ऑगस्टात सोडलेली बोटुकली, बोटाएवढी माशांची पिल्लं, आता अर्ध्या किलोची झाली होती. तलाव आटण्याआधी, म्हणजे अजून महिनाभराने, ती काढायची. तीस घरांचं वर्ष त्यावर चालतं. सखाबाईने डोक्यावरची टोपली उतरवली. आत मेलेले रोहू होते. डोळे पांढरे, कल्ल्यांत काहीतरी करडं, चिकट भरलेलं.

रेणूने तिला नीट समजावलं. रात्रभर पाण्यातला प्राणवायू कमी होत जातो, पहाटे सगळ्यात कमी असतो, तेव्हा मासे वर येऊन तोंड उघडतात, उन्हाळ्यात असं व्हायचंच. सखाबाईने सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"पहाटे नाही जी, बाई," ती म्हणाली. "पहाटे तोंड काढणारी मासोळी मले माह्या नवऱ्यापेक्षा जास्त ओळखीची आहे. हे मासोळी नऊ वाजता वर येते, चांगलं ऊन पडल्यावर. आन् दुपारी पुन्हा खाली जाते. तुमचा प्राणवायू काय घड्याळ बांधून येते का?"

 घरी गेल्यावर रेणूने आपली मार्चची वही काढली आणि टेलचे चारही आकडे कधीचे आहेत ते पाहिलं. सगळे सकाळी आठचे.

आठलाच मोजायचं, ही त्या कालव्याची रीतच होती. चौकीदार लिलाधर एकोणीस वर्षं सायकलवरून टेलला जात होता, काठावर रंगवलेल्या पट्टीवर पाण्याची उंची बघत होता, तक्त्यात त्या उंचीसमोरचा लिटरचा आकडा शोधत होता आणि 'सकाळी ८' या रकान्यात लिहीत होता. दुसरा रकानाच नव्हता. रेणूनेही तीच वेळ धरली होती. चारही दिवस एकाच वेळी मोजणं हा काटेकोरपणा आहे, असं तेव्हा तिला वाटलं होतं.

मंगळवारी ती दिवसभर टेलला बसली. आठला अठ्ठ्याऐंशी भरलं, तसा लिलाधरने सायकलचा स्टँड काढला.

"झालं ना आठचं रीडिंग, मॅडम. आता काहून बसता उन्हात?"

तिने त्यालाही बसवून घेतलं. साडेनऊला सत्त्याऐंशी. दहाला एकोणऐंशी. अकराला एकाहत्तर, आणि मग संध्याकाळपर्यंत एकाहत्तरच. वरच्या तोंडाशी ती तीनदा जाऊन आली. तिथे तिन्ही वेळा नव्वद. म्हणजे खरी गळती एकोणीस लिटर, एकवीस टक्के. कालवा चाळणी झाला होता, आणि सकाळी कुठून तरी सेकंदाला सतरा लिटर येऊन ती चाळणी झाकत होते.

बुधवारी ती पलीकडच्या काठाने चालत गेली. रस्ता अलीकडच्या काठाला असल्यामुळे पलीकडे कुणी जात नसे. तिकडे बेशरमची झुडपं माणसाच्या वर वाढली होती. टेलच्या थोडं वरच्या बाजूला तिला आधी वास आला. मग झुडपांत एक सिमेंटचा पाईप दिसला. त्याच्यामागे भिंत, आणि भिंतीमागे उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाची मिल. धान गरम पाण्यात भिजवायचं, मग ते हौद सकाळी रिकामे करायचे आणि नवं धान भरायचं.

पाणी कोमट होतं, पिवळट होतं. चार दिवसांच्या भातात कुणी ओकावं आणि ते उन्हात झाकून ठेवावं, तसा वास. पाईपच्या तोंडाला करडी बुळबुळीत झालर लोंबत होती, शेंबडासारखी, आणि पाण्याच्या प्रत्येक झटक्याबरोबर हलत होती. रेणूने मीटर आत धरलं. पंखा दोनदा फिरला आणि झालर त्यात गुंडाळून थांबला. तिने ती नखाने ओढून काढली. ती तुटेना, नुसती लांबत गेली. सकाळचे पोहे तिने बेशरमच्या बुंध्याशी टाकले, ओढणीने तोंड पुसलं आणि पुन्हा साठ सेकंद मोजले. तीन वेळा मोजून सरासरी काढली. सतरा.

लिलाधर अलीकडच्या काठावर उभा होता. हे त्याला माहीत होतं का, असं तिने तिथूनच विचारलं.

"नाक तं मलेही आहे, मॅडम," तो म्हणाला.  मग आपणहून म्हणाला, "मिलवाले महिन्याले एक पोतं पाठवते. तांदूळ नाही जी, कणीच असते."

कणी असते, हे त्याने असं सांगितलं की जणू त्यामुळे गुन्हा अर्धा झाला. रेणूला त्या पाईपपेक्षा जास्त किळस या वाक्याची आली. आणि मग आठवलं, की तिने स्वतः तर पेढ्यावर भागवलं होतं.

दुपारी तिने साहेबांपुढे नवा तक्ता ठेवला. साहेब कधी रागावत नसत. त्यांनी तक्ता वाचला, टेबलावरच्या बाटलीतून हातावर सॅनिटायझर घेतलं, बोटांच्या बेचक्यांत सावकाश चोळलं. मग म्हणाले की फॉर्ममध्ये 'वाढ' असा रकाना आहेच. तिथे 'शेतातून परत आलेला पाझर' लिहिता येईल. रेणू म्हणाली, पाझर सकाळी तीन तास पाईपमधून येत नाही. साहेब म्हणाले, परिपत्रकात वेळ आठची आहे. तिने मार्चची सही मागे घ्यायची आहे असं सांगितलं, तेव्हा ते हसले, अगदी मायेने.

"तुमचा आकडा खोटा आहे का? आठ वाजता अठ्ठ्याऐंशी लिटर होतंच ना? तुम्ही मोजलं, खरं मोजलं. मग खरं मागे कशाला घेता, बेटा?"

ती उठली. जिना उतरताना तिने हाताचा वास घेतला. तीनदा साबण लावूनही तो गेला नव्हता, आणि आता त्यात सॅनिटायझरचा गोडसर वासही मिसळल्यासारखा वाटला. खाली आवक विभागात तिने सही मागे घेत असल्याचं पत्र दिलं आणि पोचेवर शिक्का मारून घेतला. ते पत्र शुक्रवारपर्यंत कुठल्या तरी फाईलखाली पडून राहील, हे तिला शिक्का मारणाऱ्या बाबूच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

मग ती तलावावर गेली आणि सखाबाईला वेळा सांगितल्या. घाण पाणी तलावाच्या तोंडाशी सातच्या आसपास पोचतं, अकरानंतर पाणी स्वच्छ असतं. तेवढ्या वेळात कालव्यातून तलावात पाणी सोडणारी मोरी बंद ठेवली तर मासोळी जगेल. सखाबाईने वेळा बोटांवर मोजल्या. दिवसाचं चार तासांचं पाणी जाणार, तलाव आठवडाभर आधी आटणार, हेही तिने मोजलं.

"आटला तं आटला," ती म्हणाली. "लहान मासोळी विकता येते. सडलेली नाही येत."

गुरुवारी सहाला ढिवरांनी मातीच्या पोत्यांनी मोरी बुजवली. पाणी अडलं, फुगलं, आणि बाजूच्या सांडव्यावरून नाल्यात पडू लागलं. पट्टीवरची उंची वीतभर चढली. आठला लिलाधर आला. त्याने उंची पाहिली, तक्ता पाहिला आणि एकशे चाळीस लिहायला घेतलं.

रेणूने त्याला सांगितलं की तक्ता वाहत्या पाण्याचा आहे, पुढे अडवलेल्या पाण्याला तो चालत नाही. लिलाधर म्हणाला की तो एकोणीस वर्षं उंची पाहतो आणि तक्ता म्हणेल ते लिहितो. तेव्हा तिनेच वही घेतली आणि शेऱ्यात लिहिलं: 'टेलची मोरी बंद. हा आकडा धरू नये.' लिलाधरने पानाचा फोटो काढून रोजच्यासारखा ऑफिसला पाठवला. शेरा कुणी वाचत नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

नऊला साहेबांचा फोन आला. वर नव्वद आणि खाली एकशे चाळीस, हे काय आहे? उद्या बैठकीत हा कागद वरिष्ठांपुढे जाणार, त्यांना काय सांगू? रेणू म्हणाली, "आठचंच रीडिंग आहे, साहेब."

दहाला जीप आली. साहेब उतरले आणि रुमाल नाकाशी धरून थांबले. काठोकाठ साचलेल्या पाण्यावर फेसाची जाड पिवळी साय आली होती, तिच्यात कुत्र्याचं एक फुगलेलं पिल्लू सावकाश फिरत होतं. मोरी उघडा, म्हणजे पट्टी खाली येईल, असं ते म्हणाले. पोत्यांवर सखाबाई बसली होती. ती उठली नाही.

"अकराले खोलतो, साहेब. बसा तवर. आठचंच पाणी आहे, तुमचंच."

साहेब जीपमध्ये काचा वर करून बसले. साडेदहाला त्यांनी काच चार बोटं खाली केली आणि उद्या एकशे चाळीसच्या जागी ठेवायला रेणूकडून मंगळवारचा दिवसभराचा तक्ता मागून घेतला. 'गळती एकवीस टक्के' पुढे त्यांनी सही केली. 'वाढ' या रकान्यात तिने पाईप लिहिला होता; तिथे त्यांनी एक आडवी रेघ मारली. तिच्या देखत, फूटपट्टी धरून, सरळ.

शुक्रवारी मायनर दुरुस्तीच्या यादीत आली. मंगळवारी सखाबाईचा फोन आला. मिलवाल्यांनी वेळ बदलली होती. आता हौद दुपारी बाराला सुटत होते, आठचं रीडिंग अगदी स्वच्छ. मासोळीचं काय झालं, असं रेणूने विचारलं.

"घाण आली का मोरी बुजवतोच जी," सखाबाई म्हणाली. "आता आमी घड्याळ नाही पायत. पोरी पाळीनं पाईपापाशी बसते. वास आला का हाका मारते. मासोळी आहे अजून."

रेणूने किती वाजता वास सुरू होतो, किती वाजता संपतो ते विचारलं, वहीत लिहून घेतलं, आणि मीटरची पेटी उघडली. पंख्याच्या पात्याखाली अजून थोडी करडी झालर वाळून चिकटलेली होती. झालर ओली करून, दात घासायच्या जुन्या ब्रशने, ती घासत बसली.