पिवळी खूण

मनुष्याला भय बहुधा समोरून येते. टेलरमास्तरांना मात्र ते मागून येत असे, आणि तेही मोटारीच्या मागच्या चाकांतून. त्यांच्या एकुलत्या एका लेकीने, जिला घरीदारी सर्वजण भिंगरी म्हणत, स्वतःच्या कमाईतून एक जुनी परंतु अत्यंत वेगवान मोटार घेतली होती. बुटकी, रुंद, आणि किल्ली फिरवताच पोटातून गुरगुरणारी. सुट्टीच्या दिवशी भिंगरी ती गावामागच्या घाटात नेई, आणि ती परतेपर्यंत मास्तरांच्या मशीनवर एक टीप सरळ पडत नसे. एकदाच काय ते मन घट्ट करून मास्तर तिच्या शेजारी बसले होते. एका वळणावर गाडीची मागची बाजू दरीकडे सरकली, मास्तरांनी जीव मुठीत धरला, आणि लेक हसून म्हणाली, "काही नाही बाबा, नुसती शेपूट हलवतेय."

त्या शेपटीने मास्तरांची झोप उडवली. म्हणून गाडीची मागची जोडणी बदलण्याचा आग्रह लेकीपेक्षा बापाचाच अधिक होता.

गॅरेज भिंगरीच्या मामाचे, म्हणजे मास्तरांच्या मेहुण्याचे. मागच्या प्रत्येक चाकाला जागेवर धरून ठेवणारे लोखंडी दांडे असतात, त्यांना आर्म म्हणतात. त्यांच्या टोकांना रबराचे बुश बसवलेले असतात. ते रबर थकले की वळणावर चाक आपली दिशा सोडून भलतीकडे पाहू लागते. मामाने नव्या आर्मच्या तीन तऱ्हा टेबलावर मांडल्या, आणि तेथे जणू लग्नाची बोलणी सुरू झाली.

"मामा, मला हे." भिंगरीने चकचकीत दांडा उचलला. "यात रबर नाहीच. लोखंडी गोळी. चाक केसभर हलणार नाही."

"चाक हलणार नाही, पण तुझे दात हलतील. शर्यतीचं सामान आहे ते. रस्त्याच्या धुळीत लगेच खडखडायला लागतं."

"मग मऊ रबर घाला," मास्तर घाईने म्हणाले. "मऊ ते केव्हाही बरं. अंगाला टोचत नाही."

"दाजी, ही गाडी आहे, झबलं नाही! मऊ होतं म्हणून तर शेपूट हलतेय."

"पण कडक कापडाची शिवण आधी उसवते, हे मी आयुष्यभर बघतोय."

"बाबा आता गाडीला काजं-बटणं लावायला सांगतील," भिंगरी म्हणाली आणि मामा खो खो हसला.

अखेरीस मधली तऱ्हा ठरली: जाड लोखंडाचे आर्म आणि कडक रबराचे बुश. मास्तरांनी ते बुश अंगठ्याने दाबून पाहिले. ते दबले नाहीत. मास्तरांच्या मनातली धाकधूकही तसूभर दबली नाही.

"मी थांबू का मदतीला?" त्यांनी विचारले.

"थांबा की. घाबरायला एक माणूस लागतोच."

गाडी गॅरेजातल्या खड्ड्यावर घेऊन उचलली गेली, मागची चाके निघाली, जुने आर्म सुटले. त्यांचे बुश फाटक्या चपलेसारखे चिरले होते. मामाने नवे आर्म जागी बसवले, बोल्ट सारले आणि नट नुसते हाताने फिरवून टेकवले.

"घट्ट नाही करत?" मास्तरांनी पुढे वाकून विचारले.

"आत्ता नाही. गाडी अधांतरी असताना आवळलं तर कडक रबर पिळलेलंच राहतं. चाकं घालायची, गाडी जमिनीवर टेकवायची, वजन येऊ द्यायचं, आणि मग खालून आवळायचं."

हे मात्र मास्तरांना तात्काळ पटले. विजारीचे माप गिऱ्हाईक उभे असतानाच घेतात, निजलेले असताना नव्हे.

गाडी चाकांवर टेकली. मामा लांब दांड्याचा पाना घेऊन खड्ड्यात उतरला. तो पाना मोठा गुणी होता. नट हवा तेवढा आवळला गेला की 'कट्' असे बोले. असा आवाज झाला की मामा खिशातले पिवळ्या रंगाचे पेन काढून त्या नटावर एक रेघ ओढी. डावी बाजू पुरी झाली, आणि त्याच क्षणी फाटकाबाहेर भांडण पेटले. मामाची व्हॅन कोणाच्या तरी ट्रकच्या आड आली होती. मामा पेन आणि पाना तेथेच ठेवून, बाह्या सरसावीत, बाहेर गेला. त्याच्यामागे भिंगरीही व्हॅन हलवायला गेली.

मास्तर एकटे राहिले. एकट्या मनुष्यापाशी भय फार जवळ येऊन बसते. ते हळूच खड्ड्यात उतरले आणि मान वर करून पाहू लागले. डावीकडच्या प्रत्येक नटावर पिवळी रेघ होती. उजवीकडे एकही नव्हती. मेहुणा भांडून तापल्या डोक्याने परत आला आणि एखादा नट विसरला तर?

येथे वाचकाने एक गोष्ट ध्यानी घ्यावी. शिंप्याच्या धंद्यात खडू आधी चालतो आणि सुई मागून. कापडावर खूण दिसली की येथे काम व्हायचे आहे, असाच तिचा अर्थ. मास्तरांचा हात सारी हयात ह्याच नियमाने चालला होता. त्यांनी पेन उचलले आणि उजवीकडच्या प्रत्येक नटावर, वात्सल्य म्हणावे इतक्या निगुतीने, सरळ रेघ ओढली. नंतर ते वर आले, आणि थट्टा नको म्हणून गप्प राहिले.

मामा परत आला तो ट्रकवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करीतच. खड्ड्यात वाकून त्याने दिवा फिरवला. दोन्हीकडे पिवळ्या रेघा. "आवळून झालं होतं वाटतं," तो पुटपुटला आणि पाना उचलून त्याने जागेवर टांगला. मास्तर तेव्हा बाहेर नळावर हात धूत होते.

"जा, फेरी मारून ये," तो भाचीला म्हणाला. "पण हळू. चाकांची दिशा उद्या मशीनवर जुळवू."

"घाटापर्यंत?"

"घाट चालेल. शर्यत नको."

गाडी गुरगुरत गेली. चहा आला. मामाने मास्तरांच्या पाठीकडे पाहिले.

"दाजी, ग्रीस कसलं? खड्ड्यात उतरला होता की काय?"

"उतरलो होतो जरा," मास्तर लाजून म्हणाले. "उजवीकडचे नट तू विसरू नयेस म्हणून खुणा करून ठेवल्या. आवळलेस ना सगळे?"

मामाचा कप ओठांपाशीच थांबला.

"खुणा तुम्ही केल्या?"

"हो. का?"

"दाजी, खूण आवळल्यावर करतात."

मास्तरांच्या कानात एकाएकी दडे बसले. मेहुण्याचे ओठ हलताना दिसत होते, तो फोन लावीत होता, घंटी वाजत होती. पण गाडी चालवताना भिंगरी फोन घेत नसे. ही शिस्त तिला बापानेच, शपथ घालून, लावली होती.

मामाने पाना आणि मूठभर नट उचलले आणि दोघे व्हॅनमध्ये बसले. जुनी व्हॅन चढावर धापा टाकीत होती.

"हाताने टेकवलेत," मामा रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. "लगेच नाही निघत. सरळ रस्त्यावर तर नाहीच नाही."

"आणि वळणावर?"

मामाने गिअर बदलला.

वळणामागून वळण आले. प्रत्येक वळणाच्या पलीकडे मास्तरांना ती गाडी उलटी पडलेली दिसे, आणि वळण संपताच रिकामा रस्ता दिसे, आणि रिकामा रस्ता त्याहून भयंकर वाटे. एके ठिकाणी काही माणसे कठड्यावरून दरीत वाकून पाहत होती. मास्तरांना काच खाली करता येईना.

"काय झालं हो?" मामा ओरडला.

"टोपी उडाली ह्याची!" एकजण हसत म्हणाला. मास्तरांना वाटले, त्या हसणाऱ्याचे पाय धरावे, किंवा त्याचा गळा धरावा.

तेथून पुढे दोन वळणांवर भिंगरीची गाडी होती. डोंगराच्या बाजूच्या गटारात तिचे नाक रुतले होते, आणि मागचे उजवे चाक, पाय मुरगळावा तसे, आत वळले होते. रस्त्यावर टायरांचे काळे पट्टे थेट दरीच्या कडेपर्यंत गेलेले, आणि तेथून मागे फिरलेले. गाडीत कोणी नव्हते.

"भिंगरे!" मास्तरांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो त्यांनी स्वतःही कधी ऐकला नव्हता.

ती डोंगराला टेकून खाली बसली होती. धड होती. खरचटलेही नव्हते.

"मी नाही वळवली," ती म्हणाली. "बाबा, मी स्टिअरिंग सरळ धरलं होतं. टक्क आवाज झाला आणि ती आपणच दरीकडे वळली. मी हळूच होते. खरंच हळू होते."

मामा गाडीखाली शिरला आणि बऱ्याच वेळाने बाहेर आला. बोल्ट अर्धा बाहेर आला होता, नट रस्त्यात कोठेतरी गळाला होता. "चूक माझी," तो म्हणाला. "प्रत्येक नटाला पाना मी लावायला पाहिजे होता."

"नाही," मास्तर म्हणाले. "खुणा मी केल्या. आवळायच्या आधी." आणि त्यांनी सर्व सांगितले, एकही टाका न चुकवता.

मास्तरांना वाटले, आता ती चिडेल. निदान काजाबटणांचा टोमणा तरी मारील. तिने नुसते त्यांच्याकडे पाहिले आणि गुडघ्यांभोवती हात घट्ट केले.

मामाने व्हॅनला दोर बांधून गाडी गटारातून ओढली, बोल्ट ठोकून जागी बसवला, नवा नट घातला, आणि गाडीचे वजन चाकांवर ठेवून, रस्त्यावर पालथा पडून, दोन्ही बाजूंचा एकेक नट पुन्हा आवळला. मग किल्ली भाचीपुढे धरली. "आता बिनधास्त ने."

भिंगरीने दाराला हात लावला आणि विस्तवाला लागावा तसा मागे घेतला.

"मामा, तुम्ही न्या. मी व्हॅन आणते."

उतारावर ती व्हॅन बैलगाडीपेक्षाही हळू चालली. मागचे लोक हॉर्न वाजवीत, शिव्या देत पुढे जात. प्रत्येक वळणाआधी भिंगरी जवळजवळ थांबे आणि कान टवकारी. लेकीने थोडे भ्यायला शिकावे, अशी इच्छा मास्तरांनी आजवर किती वेळा केली होती, ह्याची गणती नाही. ती इच्छा आज त्यांच्या शेजारी, स्टिअरिंगला दोन्ही हातांनी चिकटून बसली होती, आणि तिच्याकडे त्यांना पाहवत नव्हते.

"आवाज आला का, बाबा?"

"नाही गं."

"मला आला. उतरून मागची चाकं बघता?"

चाकातले त्यांना ओ की ठो कळत नव्हते. तरी ते उतरले, एकेका चाकाला तळहात लावला आणि आरशात तिला दिसेल असे उभे राहून म्हणाले, "ठीक आहेत."

"हलवून बघितलं?"

मास्तर पुन्हा वाकले, चाक दोन्ही हातांनी धरले आणि अंगात होते नव्हते तेवढे बळ लावून ते हलवू लागले.