चालत गेल्याचा गुन्हा

टेक्सासातल्या त्या तुरुंगात पोस्टाची तिकिटं पत्रांवर कमी आणि हातांतून जास्त फिरत. कुणी केस कापून दिले, द्या तिकिटं. कुणी अर्ज लिहून दिला, द्या तिकिटं. फिरून फिरून त्यांचा डिंक जाई, कडा काळ्या पडत; तरी आत कुणी ती नाकारत नसे.

वेंडेल ट्रॉटर हा तिथला वकील. म्हणजे पदवी नाही, काळा कोट तर नाहीच. जन्मठेप भोगता भोगता कायदा पाठ केलेला कैदी. जीभ तिखट, पण अर्जात स्वल्पविराम चुकू देत नसे, आणि त्याचा त्याला भारी तोरा होता.

लेव्हॉन पिकेट त्याच्याकडे आला तेव्हा साठीचा होता, आणि लिहिण्या-वाचण्याच्या नावानं बोंबच होती. एकदा शिक्षा झालेल्यानं बंदूक बाळगायची नाही असा तिथला कायदा; घरात बापाची शिकारीची बंदूक सापडली म्हणून धरलेला. एवढ्यासाठी फार तर दहा वर्षं; पण मागचे तीन 'हिंसक' गुन्हे निघाले आणि मिळाली बावीस. दोन तरुणपणीचे दरोडे होते, ते तो नाकारतही नसे. तिसरा असा, की सुटण्याआधी ठेवतात त्या वसतिगृहातून तो न विचारता आईच्या दफनाला चालत गेला आणि दुसऱ्या सकाळी चालत परत आला; कागदावर ते पलायन.

"ह्यात हिंसा कुठं रे?" लेव्हॉन विचारायचा. "येताना त्या गार्डासाठी मावशीच्या हातचा केक आणला होता मी!"

"कायद्यात लिहिलंय, दुसऱ्याला इजा होण्याचा धोका असलेला कुठलाही गुन्हा," वेंडेल म्हणायचा. "काका, त्यात तुमचा केकसुद्धा बसतो."

शेवटी सुप्रीम कोर्टानंही तेच म्हटलं. वाक्य इतकं मोघम की घटनेत बसत नाही. जुन्या कैद्यांना अर्जाला एक वर्ष मिळालं. लेव्हॉनची चौदा भरलेली. अर्ज मंजूर झाला की तो घरी. लेक डार्लीन त्याच्यासाठी खोली रंगवून बसली होती.

वेंडेलनं इतरांचे अर्ज आधी घेतले आणि लेव्हॉनचंच काम मागे ठेवलं, सगळ्यात सोपं म्हणून. अर्ज तयार झाला तो मुदतीच्या शेवटच्या दिवशी. त्याची काळजी नव्हती, कारण तिकीट लावलेलं पाकीट त्या दिवशी तुरुंगाच्या टपाल खिडकीत पडलं की कोर्ट ते वेळेत धरतं. नवी तिकिटं मिळतात ते तुरुंगातलं दुकान मात्र बंद होतं. वेंडेलनं आपल्या डब्यातली तिकिटं काढली, टूथपेस्टनं चिकटवली, आणि पाकीट दिलं. आत सगळे असंच करतात.

नऊ दिवसांनी पाकीट परत आलं. वर पांढरे वाळके डाग आणि 'तिकीट नाही' असा शिक्का. नवी तिकिटं लावून वेंडेलनं ते पुन्हा धाडलं. लेव्हॉनला मात्र चकार शब्द सांगितला नाही.

फेब्रुवारीत निकाल आला. लेव्हॉन अंगणातल्या बाकावर येऊन बसला. "वाच. अवघड शब्द गाळ."

वेंडेलनं वाचलं. शिक्षेचा नियम मोघम होता, हे न्यायाधीशाला मान्य होतं. पण मुदतीचा नियम स्पष्ट आहे, आणि बिनतिकिटाचं पाकीट वेळेत धरता येत नाही. अर्ज नामंजूर.

"म्हणजे बावीस पुरी?"

"हो, काका."

"पण तिकिटं तर लावली होतीस ना तू?"

पोस्टखात्याला चार शिव्या हासडल्या असत्या तर म्हाताऱ्यानंही त्यात भर घातली असती. वेंडेलला ते माहीत होतं, आणि तसा विचार मनात आल्याचीच त्याला शरम वाटली.

"डब्यातली होती. जुनी. पेस्टनं चिकटवलेली," तो म्हणाला. "माझं चुकलं, काका. मी तुम्हाला सांगितलंही नाही."

लेव्हॉननं खिशातून एक कोरं पाकीट काढलं.

"डार्लीनला लिही. खोलीत भाडेकरू ठेव म्हणावं."

वेंडेलनं लिहिलं. पाकीट बंद करून सवयीनं त्याचा हात खिशातल्या तिकिटांकडे गेला.

"राहू दे," लेव्हॉन म्हणाला. "तिकीट मी लावतो."